संध्याकाळची शिफ्ट

१४ सप्टेंबर १९५९

आजपासून दैनंदिनी लिहायची ठरवली आहे. देश सध्या जोरात वाढतो आहे आणि त्या वाढीच्या अगदी मध्यावर मी उभा आहे, असं मेजर क्लटरबक आज म्हणाले. अशा वेळी माणसाने चार ओळी लिहून ठेवाव्यात.

मेजर हे टिडमार्श कंपनीचे व्यवस्थापक आणि मी, रेजिनाल्ड ऑटवे, तिथला कामगार अधिकारी. आम्ही ब्रॉक्सलीत कपडे धुण्याची मशीनं बनवतो. गेल्या वर्षी सरकारने हप्त्याने खरेदी करण्यावरची बंधनं उठवली आणि तेव्हापासून इंग्लंडमधल्या प्रत्येक घराला आमचं 'स्नोड्रॉप' हवं झालं आहे. मागणी आहे, पत्रा आहे, मोटरी आहेत. माणसं नाहीत. धडधाकट माणूस दिसला की तो कॉव्हेंट्रीला मोटारी बनवायला गेलेला असतो किंवा जायच्या बेतात असतो. परवा एका फिटरला मुलाखतीला बोलावलं तर त्यानेच माझी मुलाखत घेतली. कँटीनमध्ये पुडिंग रोज असतं का, खिडकीजवळची जागा मिळेल का, फोरमन तापट आहे का. शेवटी उठून, "विचार करून कळवतो," म्हणाला आणि माझ्याशी हात मिळवून गेला.

मेजरांनी टेबलावर मूठ आपटून विचारलं की युद्धात एवढी माणसं कुठून आणली होती. मी म्हटलं, बायका होत्या. त्यांची मूठ उघडली. म्हणाले, "ऑटवे, तुम्ही दिसता त्यापेक्षा हुशार आहात." मी फक्त प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

२२ सप्टेंबर

माझी योजना मंजूर झाली. घरच्या बायकांसाठी संध्याकाळची शिफ्ट. दिवसाची माणसं सुटली की या यायच्या, तोवर मुलांकडे बघायला त्यांचे नवरे घरी पोचलेले असतात. माझ्याच्याने एवढं मोठं काही होईल असं वाटलं नव्हतं.

बायकांना बोलावण्यासाठी चर्चच्या सभागृहात मला भाषण करायचं आहे. रोज जेवणानंतर हिल्डासमोर त्याची तालीम करतो. ती विणता विणता ऐकते. "भगिनींनो, देशाला तुमच्या हातांची गरज आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं त्याहून जग मोठं आहे," हे वाक्य म्हणताना माझा स्वतःचाच गळा दाटतो. तिसऱ्या तालमीला हिल्डाने सुया खाली ठेवल्या आणि म्हणाली, "मी आले तर? युद्धात मी विमानाच्या पंखांना रिव्हेट मारत होते, आठवतं ना?"

मी तिला प्रेमाने समजावलं की ते युद्ध होतं. आता मी अधिकारी आहे, आणि अधिकाऱ्याची बायको कारखान्यात जुळणीच्या सरकत्या पट्ट्यावर उभी राहिलेली बरी दिसत नाही. शिवाय माझ्या संध्याकाळच्या जेवणाचं काय? तिने लगेच समजून घेतलं. पुन्हा विषय काढला नाही. समजूतदार बायको मिळायला भाग्य लागतं.

५ ऑक्टोबर

भाषण गाजलं. सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. एक बाई डोळे पुसत होती, नंतर कळलं तिला सर्दी होती, पण तिनेही नाव दिलं. शिफ्ट पहिल्याच दिवशी भरली.

हिल्डाला मात्र भाषण ऐकायला येता आलं नाही. तिच्या बहिणीची, विनीची, नेमकी आजच पाठ धरली. बिचारीला अंथरुणातून उठवत नाही, आणि आता हिल्डाला रोज संध्याकाळी तिच्याकडे जावं लागणार. माझं जेवण ती दोन ताटल्यांमध्ये झाकून, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून जाणार आहे. मी म्हटलं, जा, आजाऱ्याची सेवा आधी.

६ नोव्हेंबर

संध्याकाळच्या शिफ्टने दिवसाच्या शिफ्टला मागे टाकलं. मेजरांनी कारण विचारलं. मी नम्रपणे सांगितलं की भिंतींवर मी बोधवाक्यं लावली आहेत, त्यांचा परिणाम असावा. मुकादम मिसेस ट्रँटर बाजूलाच उभ्या होत्या, त्यांना एकदम खोकला आला.

ट्रँटरबाई एका मिसेस पिमचं फार कौतुक करतात. हाताला वेग आहे आणि डोकं शांत आहे म्हणतात. गंमत म्हणजे हिल्डाचं माहेरचं आडनावही पिमच. तिला सांगितलं तर म्हणाली, पिम या भागात पुष्कळ आहेत.

हिल्डाच्या दोन बोटांना पट्टी आहे. विणताना लागलं म्हणे. लोकर इतकी धारदार असते हे मला माहीत नव्हतं.

१२ डिसेंबर

आज माझ्या आयुष्यातला मानाचा दिवस. रविवारी जेवताना हिल्डा सहज म्हणाली होती की कपडे पिळायचे रबरी रोलर शेवटी बसवण्यापेक्षा झाकणाच्या आधी बसवले तर हात अडकणार नाहीत. बायका कधी कधी न कळता मार्मिक बोलून जातात. मी ते आज बैठकीत मांडलं. मेजर उठून उभे राहिले. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे सुचतं कसं तुम्हाला?" मी म्हटलं, शांतपणे जेवलं की सुचतं.

घरी येऊन हिल्डाला सांगितलं की माझी सूचना मान्य झाली. ती म्हणाली, "छान झालं हं, रेज." मला वाटलं होतं ती जास्त आनंदेल.

२१ जानेवारी १९६०

सरकारने आज बँकेचा व्याजदर वाढवला. मेजर म्हणतात, डॉक्टर नाडी बघतो तसं हे आहे, काळजीचं कारण नाही. आम्ही नवीन शेड बांधायला घेतली आहे.

दुपारी विनीसाठी द्राक्षं घेतली आणि वाटलं आपणच नेऊन द्यावीत. कोपऱ्यावर वळतो तर विनी बससाठी धावत होती. धावत म्हणजे काय, एका हाताने टोपी धरून, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. चालत्या बसच्या पायरीवर तिने उडी मारली. मी तिथेच उभा राहून द्राक्षं खाल्ली. एवढी बरी झाली असेल तर हिल्डा रोज तिथे जाऊन काय करते?

रात्री हिल्डाला विचारलं, विनी कशी आहे. म्हणाली, चढउतार चालू आहेत.

९ फेब्रुवारी

मन थाऱ्यावर नाही. हिल्डा खोटं का बोलते? ती हल्ली गुणगुणते. गाल लाल असतात. नवा कोट घेतला आहे, घरखर्चातून वाचवून म्हणे. आणि काल ती जवळून गेली तेव्हा वास आला, अत्तराचा नव्हे, मशीनच्या तेलाचा.

ब्रॉक्सलीत तेलाचा वास येणारा एकच अविवाहित माणूस आहे. सायकल दुरुस्त करणारा बॅगशॉ. त्याच्या मिशा चांगल्या आहेत.

१० फेब्रुवारी

कामावरून सुटल्यावर बॅगशॉच्या दुकानासमोर अर्धा तास पावसात उभा राहिलो. शेवटी त्याने दार उघडून विचारलं की काही हवं आहे का. मी सायकलची घंटी घेतली. माझ्याकडे सायकल नाही. दुकानात त्याची म्हातारी आई आणि एक मांजर, बाकी कोणी नव्हतं. बॅगशॉ मला चहा घेऊन जा म्हणाला. फार भला माणूस आहे, त्यामुळे आणखीच वाईट वाटलं.

२० मार्च

शेजारच्या घरातलं मशीन बिघडलं. आमच्याच कंपनीचं असल्याने मला बोलावलं. मी झाकण उघडून आत गंभीरपणे बघितलं आणि कारखान्यातून माणूस पाठवतो म्हटलं. मागून हिल्डा आली, बाह्या सारल्या, पट्टा जागेवर बसवला आणि मशीन चालू केलं. मी विचारलं, तुला हे कसं येतं? ती म्हणाली, "एवढी वर्षं तुझ्या तोंडून ऐकतेय ना."

मला बरं वाटलं. माझ्या बोलण्याकडे तिचं लक्ष असतं तर. बॅगशॉचा विचार मी मनातून काढून टाकला आहे.

२९ एप्रिल

हप्त्याच्या खरेदीवर पुन्हा बंधनं आली. आधी मोठी रक्कम भरायची, उरलेले हप्ते दोन वर्षांत संपवायचे. दुपारपर्यंत दुकानदारांचे फोन सुरू झाले, एकेकाने मागणी मागे घेतली.

मेजरांनी मला समजावून सांगितलं की देशाची वाढ जरा जास्त झाली. मी विचारलं, वाढ जास्त कशी होते? ते म्हणाले, लोक खरेदी करतात, मग आपण परदेशातून जास्त माल मागवतो, मग पौंड डळमळतो, मग सरकारला ब्रेक लावावा लागतो. मी म्हटलं, पण गेल्या वर्षी तर सरकारनेच पाय ब्रेकवरून काढला होता. मेजर म्हणाले, ऑटवे, गाडी अशीच चालवतात. मला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे मान्य केलं.

३ मे

तयार मशीनं नव्या शेडमध्ये मावेनात, म्हणून सायकली ठेवायच्या जागेत रचली आहेत. संध्याकाळची शिफ्ट या शुक्रवारी बंद करायची असं ठरलं. बायकांना मी सांगायचं. गेल्या वर्षी देशासाठी या म्हटलं होतं, आता देशासाठी घरी जा म्हणायचं. भाषणाची तालीम हिल्डासमोर करावी म्हटलं तर ती नेहमीप्रमाणे विनीकडे गेलेली. आरशासमोर केली. गळा दाटला नाही.

शेवटी नोटीस लावून मोकळा झालो.

४ मे

आज जे घडलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे मला स्वतःलाही कळेल.

मी आणि मेजर ऑफिसात थांबलो होतो. नोटीस वाचून शिफ्टच्या बायकांनी तीन प्रतिनिधी पाठवायचं ठरवलं होतं. ट्रँटरबाईंनी दार उघडलं. आधी एक भरभक्कम बाई आली, मिसेस गजन. मग एक चष्मेवाली. मग निळ्या एप्रनमध्ये, डोक्याला रुमाल बांधलेली हिल्डा.

मी उठून उभा राहिलो आणि विचारलं, "विनीला काही झालं का?"

कोणी हसलं नाही. ट्रँटरबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. हिल्डा म्हणाली, "विनी ठणठणीत आहे, मिस्टर ऑटवे. आम्ही शिफ्टबद्दल बोलायला आलोय."

कंपनीच्या नाताळच्या जेवणात मेजर हिल्डाच्या शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "ऑटवे, या तर तुमच्या..."

"संध्याकाळच्या शिफ्टच्या प्रतिनिधी," हिल्डा म्हणाली. "मिसेस पिम."

मग ती बोलू लागली. सुरुवात ऐकताच माझे कान तापले, कारण ते माझंच भाषण होतं. देशाला तुमच्या हातांची गरज आहे, इथपासून सगळं पाठ. मध्ये एका जागी तिने माझ्याकडे बघून विचारलं, "इथे तुम्ही 'खिडकी' म्हणाला होतात की 'खिडक्या'?" मी म्हटलं, खिडकी. ती पुढे गेली. भाषण संपवून ती म्हणाली की हे ऐकून ज्या बायका आल्या, त्यांनी घरच्या सगळ्या गोष्टी त्याप्रमाणे जमवल्या आहेत. कोणी सासूला बोलावून घेतलं, कोणी नवऱ्याला बटाटे उकडायला शिकवलं. तेव्हा त्यांना दोन दिवसांत दार दाखवायचं नाही. निदान दोन आठवडे हवेत, पूर्ण पगारावर. नाहीतर आत्ता या क्षणी पट्टा थांबेल आणि अर्धवट मशीनं दिवसाच्या माणसांनी पुरी करावीत.

मेजरांनी मला विचारलं की दिवसाची माणसं ती पुरी करू शकतील का. मी खरं ते सांगितलं. रोलर कसे बसवायचे हे संध्याकाळच्या बायकांनाच नीट येतं. ते सांगताना हिल्डाला रोलरचं 'सहज' कसं सुचलं होतं, हे मला कळलं आणि मी खाली बसलो.

दोन आठवडे मिळाले.

५ मे

काल घरी येताना हिल्डा माझ्याबरोबर चालत आली. मी पुष्कळ बोललो. सात महिने खोटं, आजारी बहीण, माझ्याच छपराखाली, सगळा कारखाना हसत असणार. द्राक्षांचंही बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं. फाटकापाशी आल्यावर म्हणाली, "तू बोलावलंस म्हणून मी आले, रेज."

"मी तुला बोलावलं नव्हतं."

"मग कोणाला बोलावलं होतंस?"

 रात्री भाषणाचा कागद काढून वाचला, त्यात 'अधिकाऱ्यांच्या बायका सोडून' असं कुठेच नव्हतं. ती म्हणाली की खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटतं, कामाला गेल्याचं अजिबात नाही. संध्याकाळी दाराबाहेर पडलं की आपण कोणीतरी आहोत असं वाटतं, असं म्हणाली. मला रोज सकाळी तसं वाटतं, पण ते कधी बोलून दाखवायची वेळ आली नव्हती.

बॅगशॉबद्दल सांगून टाकलं. ती पायरीवर बसून इतकी हसली की शेजारचा दिवा लागला.

२३ मे

शिफ्ट शुक्रवारी बंद झाली. मला वाटलं होतं बायका रडतील. आज कळलं की रेल्वे पुलापलीकडच्या टेलिफोनच्या कारखान्याने त्यांना सगळ्यांना एकदम उचललं, तिथे माणसांची इतकी टंचाई आहे. तो कारखाना रेडिओवर गाणी लावतो. हिल्डा आजपासून तिथे दिवसाच्या शिफ्टला जाते. निघताना म्हणाली, जेवण झाकून ठेवलेलं नाही, बटाटे टोपलीत आहेत.

१७ ऑक्टोबर

मशीनं अजून सायकलींच्या जागेत. सायकली बाहेर भिजतात. आज मेजरांनी मला बोलावून, कामगारच कमी झाल्यावर कामगार अधिकारी पूर्ण आठवडा काय करणार, असं हळुवारपणे विचारलं. आता मी आठवड्याचे तीन दिवस जायचं.

घरी येऊन ते सांगितलं. हिल्डाने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली की तिच्या पगारात भागेल. मला आधी लाज वाटली आणि मग, हे मी फक्त इथेच लिहितो, फार हलकं वाटलं.

२ नोव्हेंबर

मटणाचा स्टू केला. हिल्डाने दोनदा घेतला. एवढं कौतुक माझं रोलरच्या वेळीही झालं नव्हतं. शिवाय हा खरोखरच मी केला होता.

२१ जानेवारी १९६१

काल सरकारने हप्त्याची बंधनं सैल केली. हप्ते आता तीन वर्षं. दुकानदारांचे फोन सुरू. आज शनिवार असूनही मेजर आमच्या दारात हजर झाले, हॅट हातात घेऊन. मी एप्रन घालून पाईसाठी पीठ मळत होतो. ते म्हणाले की संध्याकाळची शिफ्ट ताबडतोब पुन्हा सुरू करायची आहे. मी म्हटलं, बसा, मिसेस पिमना बोलावतो.

बोलणी आमच्या बैठकीच्या खोलीत झाली. मेजर देशाबद्दल बोलले. हिल्डाने शांतपणे ऐकलं आणि आपल्या अटी सांगितल्या. त्याच कामाला पुरुषांना जो दर मिळतो तोच बायकांना. बंद करायची झाली तर महिनाभर आधी सांगायचं. आणि ट्रँटरबाई निवृत्त होताहेत, त्यांच्या जागी ती.

मेजर म्हणाले, हे फार होतं.

"नाहीतर राहू दे," हिल्डा म्हणाली. "टेलिफोनवाल्यांनी परवाच कँटीनला नवे पडदे लावलेत."

मेजर माझ्याकडे वळले. "ऑटवे, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?"

मी म्हटलं, साहेब, आज माझी सुट्टी आहे. आणि पाई बघायला आत गेलो. परत आलो तोवर मेजर हो म्हणाले होते आणि पाई खायलाही थांबणार होते.

६ फेब्रुवारी

मी पुन्हा पूर्ण आठवडा कामावर. आज शिफ्ट सुरू झाली. मी सुटून फाटकाबाहेर पडत होतो आणि बायकांचा घोळका आत येत होता, पुढे हिल्डा. मी हॅट उचलली. बायका कुजबुजल्या, मिसेस गजनने मला डोळा मारला. हिल्डाने ओव्हन मंद ठेव एवढंच सांगितलं आणि आत गेली. पाच मिनिटांत पट्ट्याचा आवाज बाहेर ऐकू येऊ लागला. मी जरा वेळ ऐकत उभा राहिलो.

तेवढ्यात मेजर आवार ओलांडून आले. उन्हाळ्यासाठी पत्रा मागवायचा होता आणि किती मागवावा हे ठरत नव्हतं. जास्त मागवला आणि सरकारने पुन्हा ब्रेक लावला तर शेड भरणार, कमी मागवला तर मागणी हातची जाणार. त्यांनी वर्तमानपत्र दोनदा वाचलं होतं, लंडनला फोनही केला होता.

"तुम्हाला काय वाटतं, ऑटवे? ही वाढ टिकेल का?"

मी म्हटलं, घरी विचारून उद्या सांगतो.

मेजरांनी मान डोलावली. "जरूर विचारा," ते म्हणाले, "आणि त्या काय म्हणतात ते नीट लक्षात ठेवून या."